जुन्या ट्रॅक्टरचा चावीचा स्विच बदलायचाय: वायरी पाच, नव्या स्विचला टर्मिनल चार

सीनाकाठ_मोहोळ

रामराम मंडळी. तीन सिलिंडर, 35 एचपी, तीसेक वर्षांचा ट्रॅक्टर आहे. कंपनी मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर स्विच राहतो बाजूला आणि कुठला ट्रॅक्टर भारी यावरच चार पानं भरतात. मूळचा डायनामो काढून अल्टरनेटर बसवलेला आहे. बॅटरी 12 व्होल्ट 88 अँपिअर-तास, निगेटिव्ह बॉडीला.

तक्रार अशी. सकाळी चावी मारली की सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटार) लगेच घेतो. दुपारी दोन-तीन तास नांगरट करून बंद केला आणि परत चावी मारली की शांतता, नाहीतर एकदाच बारीक "टक". चावी पाच-सहा वेळा मागेपुढे केली की अचानक घेतो. त्या वेळी स्विचच्या मागे हात लावला तर चटका बसतो. दोनदा चावी स्टार्टवरून परत आलीच नाही, हाताने मागे ओढावी लागली.

नवा स्विच आणलाय. त्यावर बी (बॅटरी), एसीसी (इतर जोडण्या), आयजी (चावी ऑन) आणि एसटी (स्टार्ट) अशी चार टर्मिनल आहेत. जुन्यावरची अक्षरं पुसलीत, पण चावीला हीटरचा (थंडीत इंजिनात जाणारी हवा तापवणारा) खटका होता. जुन्या स्विचला वायरी पाच: एक जाड लाल, एक जाड काळी, एक मध्यम, तिच्याच थिंबलमध्ये (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीत) कोंबलेली एक बारीक, आणि एक वेगळी बारीक. रंगावर भरवसा नाही. जाड लाल तर कुणीतरी घरगुती फिटिंगची टाकलीय.

आणखी एक, याच्याशी संबंध आहे की नाही माहीत नाही. चार्जिंगचा लाल दिवा चावी ऑन केल्यावर लागत नाही. सेल्फ मारताना लागतो आणि इंजिन चालू झालं तरी विझत नाही. बॅटरीवर मात्र चालू इंजिनाला 14.1 व्होल्ट येतात. अल्टरनेटर खोला असं एकाने सांगितलं.

कुठली वायर कुठे लावू?

वायरिंग_बार्शी

स्विच खोलायच्या आधी दोष खरंच स्विचात आहे का ते बघा. नवा स्विच लावून आठ दिवसांनी पुन्हा तीच तक्रार घेऊन येणारे फार, कारण अर्धा दोष वायरीत राहिलेला असतो.

आधी आवाज ओळखा. "टक-टक-टक-टक" असा एकसारखा आवाज म्हणजे बॅटरी बसलेली किंवा बॅटरीची टोकं गंजलेली. सोलेनाइड (सेल्फवरचा विद्युतचुंबकी खटका) ओढतो, सेल्फ करंट मागतो, व्होल्ट कोसळतात, सोलेनाइड सोडतो, परत तेच. एकदाच दणदणीत "टक" आणि पुढे काही नाही, तर सोलेनाइडमधली तांब्याची चकती जळालेली, ब्रश संपलेले किंवा जाड केबल ढिली. आवाजच नाही किंवा तुमच्यासारखा मेलेला बारीक टक, तर सोलेनाइडच्या लहान टर्मिनलला पुरते व्होल्ट पोचत नाहीत. म्हणजे दोष स्विच, त्याच्या वायरी किंवा न्यूट्रलचा सेफ्टी स्विच यांत.

दुपारीच का होतं, त्यालाही कारण आहे. सोलेनाइडची गुंडाळी तांब्याची. तांबं तापलं की रोध वाढतो, 50 अंश तापमान वाढलं की साधारण 20 टक्के. म्हणजे सकाळी जेवढ्या व्होल्टमध्ये प्लंजर (सोलेनाइडातला सरकता दांडा) ओढला जातो तेवढ्यात दुपारी ओढला जात नाही. त्यात वरून सोलापूरचं मे महिन्याचं ऊन आणि शेजारी तापलेलं इंजिन. सकाळी काठावर पास होणारी वायरिंग दुपारी नापास होते, एवढंच.

आता मोजायचं कसं. नुसतं व्होल्ट आहेत का बघू नका, तिथे मीटर फसवतो. वायरीची एकच तार शाबूत असली तरी मीटर 12 व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट ओढतच नाही. लोड चालू असताना व्होल्ट कुठे गळतात ते शोधायचं. दोष दाखवत असताना, म्हणजे दुपारी गरम असताना, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद करायची दोरी ओढून धरलेली. एकाने सीटवर बसून चावी दोन सेकंद स्टार्टवर धरायची, दुसऱ्याने मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवून हे चार आकडे घ्यायचे:

बॅटरीच्या प्लसपासून स्विचच्या बी टर्मिनलपर्यंत.
बी पासून एसटी पर्यंत, म्हणजे स्विचच्या आतली गळती.
एसटी पासून सोलेनाइडच्या लहान टर्मिनलपर्यंत.
बॅटरीच्या मायनसच्या खांबापासून सेल्फच्या बॉडीपर्यंत.

स्विचच्या आत 0.2 च्या वर गेलं तर स्विच गेला. बाकी प्रत्येक ठिकाणी अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे. आकडे इथे टाका. शिवाय त्याच वेळी बॅटरीच्या दोन खांबांवर किती आणि सोलेनाइडवर किती तेही घ्या.

चावी परत येत नाही ते मात्र गंभीर आहे. आतली स्प्रिंग तुटलीय किंवा संपर्काची पत्री वितळून चिकटतेय. इंजिन चालू झाल्यावर सेल्फ तसाच अडकून राहिला तर इंजिन त्यालाच फिरवत नेतं, आर्मेचरची (सेल्फमधल्या फिरत्या भागाची) गुंडाळी बाहेर फेकली जाते. असं झालं तर चावीशी झटापट न करता आधी दोरी ओढून इंजिन बंद करा, मग बॅटरीची केबल काढा.

ऊसवाला_पंढरपूर

एवढं मोजमाप कशाला? स्क्रूड्रायव्हर घेऊन सोलेनाइडवर टच करा, सेल्फ घेतला की स्विच खराब. नाहीतर स्विच चावीला राहू दे, सेल्फला पुश बटन लावून टाका. निम्म्या तालुक्यात बटनच आहे.

डिझेल_मिस्त्री

टच करायची पद्धत चुकीची नाही, पण त्याच्या पुढचं वाक्य कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. सेल्फजवळ उभा राहणारा माणूस पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्ये असतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला आणि टच केल्यावर चालू झाला तर मागचं चाक थेट अंगावर येतं. डिझेल इंजिन गिअरमध्ये असतानाही अर्ध्या फेऱ्यात पकडतं, सरकायला वेळच मिळत नाही. म्हणून गिअर आणि हाय-लो (जास्त-कमी वेगाचा दुसरा लिव्हर) दोन्ही न्यूट्रल, मागच्या चाकाला पुढून-मागून दगड, दोरी ओढून बांधलेली, मगच टच. आणि हे फक्त तपासायला. रोज असं चालू करायचं नाही.

टच सुद्धा कुठे करायचा ते नीट सांगा की. जाड केबलच्या बोल्टावरून लहान टर्मिनलला. दोन्ही जाड बोल्ट एकमेकांना जोडले तर मोटार नुसती घुमते, पिनियन (इंजिनाला फिरवणारं सेल्फचं दातेरी चाक) पुढे येतच नाही, आणि बोल्टाचे आटे जळतात ते वेगळं.

बटनाबद्दल: बटन वाईट नाही, बटनाची लायकी बघा. सोलेनाइड ओढताना 30 ते 40 अँपिअर मागतो, धरून ठेवायला साधारण 10. हॉर्नचं बटन एवढं सोसत नाही, महिन्यात आत चिकटतं. चिकटलं की वर बार्शीकरांनी लिहिलंय तेच.

आणि मॅसीच्या (मॅसी फर्ग्युसन) जातीचा ट्रॅक्टर असेल तर हाय-लो लिव्हर न्यूट्रलला असल्याशिवाय सेल्फला करंट जात नाही. गिअरबॉक्सच्या झाकणावर लहान स्विच असतो, एसटीची वायर त्यातून जाते. त्याच्या टोकांवर तेल-माती बसली तरी हीच लक्षणं. कितीतरी ठिकाणी तो स्विच बायपास करून दोन वायरी पिळून ठेवलेल्या सापडतात. स्विच बदलताना तेही परत नीट जोडून घ्या.

सीनाकाठ_मोहोळ

आज दुपारी आकडे घेतले. चावी स्टार्टवर, सेल्फ घेत नसताना:

बॅटरीवर 12.3
प्लस ते बी: 1.1
बी ते एसटी: 2.8
एसटी ते सोलेनाइड: 0.4
मायनस ते सेल्फची बॉडी: 0.1 पेक्षा कमी
सोलेनाइडच्या लहान टर्मिनलवर बॉडीशी 7.9

सेफ्टी स्विच आहे आणि जोडलेला आहे.

वायरिंग_बार्शी

झकास, आकडे एकमेकांना जुळतात. 12.3 मधून 1.1, 2.8 आणि 0.4 वजा करा, बरोबर 8 येतात. 7.9 वर गरम सोलेनाइड ओढणार नाही.

स्विचच्या आत 2.8 व्होल्ट. करंट 35 अँपिअर धरला तर 98 वॅट उष्णता एवढ्याशा डबीत. चटका का बसतो ते कळलं ना? स्विच गेलाच आहे, त्यात शंका नाही.

पण प्लस ते बी मधले 1.1 सोडू नका. तो करंट सेल्फच्या जाड बोल्टावरून निघतो, अॅमीटरमधून (बोर्डावरच्या करंटच्या काट्यातून) जातो आणि मग त्या लाल घरगुती वायरीने स्विचला येतो. मीटर बोर्ड खोलल्यावर अॅमीटरच्या मागचे दोन नट बघा. बहुतेक वेळा एक ढिला असतो, त्याखालचं थिंबल निळं-काळं पडलेलं असतं. डायनामोच्या काळातला अॅमीटर 30-0-30 चा असेल, त्यातून अल्टरनेटरचा 35-40 अँपिअर करंट जातो, म्हणून तो तापतो आणि नट सैल होतो. अल्टरनेटरची जाड वायर अॅमीटरवरून काढून थेट सेल्फच्या बॅटरीच्या बोल्टावर नेली तर अॅमीटरचा जीव वाचतो. त्याचा काटा मग चार्जिंग दाखवणार नाही, त्या जागी व्होल्टमीटर लावा, तो जास्त उपयोगी.

आता स्विच.

बॅटरीचा जो खांब बॉडीला बांधलाय तो आधी काढा. तुमच्यात मायनस. जुन्या डायनामोच्या काही ट्रॅक्टरांत प्लस बॉडीला असतो, तिथे प्लस आधी. कारण साधं आहे: दुसरा खांब आधी सोडायला गेलात आणि पाना बॉनेटला टेकला तर सगळी बॅटरी त्या पान्यातून वाहते. लावताना उलट, बॉडीचा सगळ्यात शेवटी.

स्विच पुढून एका गोल नटने धरलेला असतो. तो सोडवताना मागून स्विच हाताने धरा, नाहीतर अख्खा स्विच फिरतो आणि वायरी पिळतात. बोर्डाच्या भोकाला एक सपाट बाजू किंवा खाच असते, स्विचलाही तशीच. नव्या स्विचची खाच जुळत नसेल तर भोक कानशीने मोठं करत बसू नका, दुकानात जुना स्विच घेऊन जा आणि बदलून आणा. खाच नसेल तर चावी फिरवताना स्विचही थोडाथोडा फिरतो आणि सहा महिन्यांत मागच्या वायरी तुटतात. मागचे नट कसताना स्प्रिंग वायसर विसरू नका. एका हाताने टर्मिनलचा खांब धरून दुसऱ्याने नट आवळा. खांब बेकलाइटमध्ये फिरला की नवा स्विच तिथेच संपला.

खोलायच्या आधी फोटो काढा आणि प्रत्येक वायरीला चिकटपट्टीवर नंबर टाकून बांधा. रंग विसरा, काम बघा.

जाड लाल: बाकी सगळ्या वायरी सुट्या आणि बॉडीपासून लांब ठेवून बॅटरी जोडा. जिच्यात कायम करंट आहे ती हीच, बी ला जाणार. तपासायला मीटर नको, 12 व्होल्ट 21 वॅटचा इंडिकेटरचा बल्ब दोन वायरी लावून वापरा. बल्ब लख्ख पेटला पाहिजे, मंद पेटला तर ती वायर किंवा अॅमीटरचा नट अजून खराब आहे. ओळखून झालं की बॅटरी परत काढा.

मध्यम: सोलेनाइडच्या लहान टर्मिनलवरून वायर काढा आणि बोर्डातल्या टोकापासून तिथपर्यंत मीटरच्या बीपवर तपासा. सेफ्टी स्विच मधे आहे म्हणून लिव्हर न्यूट्रलला ठेवा. बीप आला की ती एसटी. इथे एसटी म्हणजे स्टार्ट, लाल डबा नव्हे.

जाड काळी हीटरची असणार. इनटेक मॅनिफोल्डवर (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीवर) डिझेलची बारीक नळी आणि एक वायर येते तिथे टोक शोधा, त्याला थर्मोस्टार्ट म्हणतात. बॉडीशी रोध साधारण 1 ओहम दाखवेल, कारण तो 12 व्होल्टवर 12-13 अँपिअर खातो. साध्या मीटरच्या काड्यांचाच रोध 0.3-0.4 असतो, आधी काड्या एकमेकांना टेकवून तो वजा करा. नव्या स्विचला हीटरचं टर्मिनल नाही, मग ही वायर कुठे? कुठेही नाही. टोकावर स्लीव्ह चढवून बांधून ठेवा. आपल्याकडे पौषातली एखादी पहाट सोडली तर या इंजिनाला हीटर लागत नाही. पण जागा आहे म्हणून ती एसीसी किंवा आयजी ला लावू नका. चावी ऑन असेपर्यंत थर्मोस्टार्ट तापत राहील, त्याची झडप उघडी राहून मॅनिफोल्डमध्ये डिझेल ठिबकेल आणि गुंडाळी जळेल. हीटर हवाच असेल तर वेगळं बटन द्या.

वेगळी बारीक: मीटर बोर्डाचे काटे, हॉर्न. आयजी ला.

राहिली मध्यम वायरीबरोबर कोंबलेली बारीक. ती कुठे जाते ते शोधल्याशिवाय परत तिथे लावू नका.

हो, आणि चावी बंद केल्यावर इंजिन बंद होईल अशी अपेक्षा ठेवू नका. डिझेलला इग्निशन नसतंच, नाव पेट्रोल गाड्यांवरून चिकटलंय. बंद करायला दोरीच.

ऊसवाला_पंढरपूर

बरं, माझं बटन मागे घेतो. पण नवा स्विच तरी हे 35 अँपिअर किती दिवस सोसणार? रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा खटका) लावा म्हणजे कटकट मिटेल. चार पिनचा, 12 व्होल्ट 30 किंवा 40 अँपिअरचा, गाड्यांच्या हॉर्नला लावतात तोच, कुठेही मिळतो. उभ्या उसाच्या हंगामात ट्रॉलीच्या खेपा करताना दिवसातून तीस वेळा चावी मारली जाते, तिथे रिलेशिवाय स्विच टिकत नाही.

डिझेल_मिस्त्री

या वेळी पंढरपूरकर बरोबर. जोडणी अशी: पिन 30 ला सेल्फच्या बॅटरीच्या बोल्टावरून 4 एमएमची वायर, बोल्टापासून वीतभर अंतराच्या आत 30 अँपिअरचा फ्यूज. पिन 87 वरून 4 एमएमची वायर सोलेनाइडच्या लहान टर्मिनलला. पिन 86 ला स्विचच्या एसटी ची जुनी मध्यम वायर, म्हणजे सेफ्टी स्विचमधून आलेली. पिन 85 बॉडीला. दुकानात एमएम म्हणतात ते चौरस मिलिमीटर, वायरीची जाडी नव्हे.

4 एमएमच का, तर हिशोब करा. तांब्याच्या 1 एमएम वायरीचा रोध मीटरला साडेसतरा मिलिओहम. 3 मीटर वायर आणि 40 अँपिअर, 2.1 व्होल्ट तिथेच गेले. 2.5 एमएमला 0.84, 4 एमएमला 0.5. रिले सेल्फजवळच बसवला तर वायर अर्धा मीटरच लागते, मग गळती नाममात्र. रिलेची गुंडाळी फक्त 0.15 अँपिअरच्या आसपास घेते, त्यामुळे स्विच आणि त्याच्या वायरीवर काही ओझंच राहत नाही. तुमचा तो जळका जुना स्विचसुद्धा रिलेवर चालला असता, पण त्याची स्प्रिंग गेलीय, तो फेकाच.

रिले पिना खाली करून बसवा, पाणी आत साठत नाही. सायलेन्सरच्या बाजूला नको. थिंबल दाबून बसवा, झाळायचं नाही. झाळलेली वायर कथिल संपतं त्या काठावर कडक होते आणि ट्रॅक्टरच्या थरथरीने तिथेच तुटते. रोटाव्हेटर चालवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. वायरीवर पन्हाळीची प्लॅस्टिक नळी चढवा, उसाच्या फडाशेजारी ट्रॅक्टर उभा असला की उंदीर आधी वायरिंगच बघतात.

मीटर_हातात

थांबा. रिले लावायच्या आधी ती कोंबलेली बारीक वायर काढा. धाग्यात सगळ्यांनी लाल दिव्याचं वाक्य वाचून सोडून दिलंय.

दादांचा लाल दिवा चावी ऑनला लागत नाही, सेल्फ मारताना लागतो, इंजिन चालू असताना पेटलेला राहतो आणि चार्जिंग 14.1. अल्टरनेटर बिघडला असता तर 14.1 आलेच नसते. दिव्याचं एक टोक अल्टरनेटरच्या दिव्याच्या टर्मिनलला असतं, दुसरं आयजी ला पाहिजे. तुमच्यात ते दुसरं टोक एसटी च्या थिंबलमध्ये कोंबलंय. म्हणून चावी ऑनला तिथे करंटच नाही, दिवा अंधारात. सेल्फ मारताना एसटी ला करंट येतो, दिवा लागतो आणि त्याच क्षणी अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळून जातो. इंजिन चालू झालं, चावी परत आली. आता अल्टरनेटरच्या बाजूने 14 व्होल्ट येतात आणि दिव्यातून उलटे एसटी वायरीत, तिथून सोलेनाइडच्या गुंडाळीतून बॉडीला. गुंडाळीचा रोध अर्ध्या ओहमच्या आत, म्हणून सगळे 14 व्होल्ट दिव्यावर, आणि दिवा लख्ख.

आजवर यात नुकसान झालं नाही, कारण 3 वॅटच्या दिव्यातून पाव अँपिअरच जातो आणि सोलेनाइडला धरून ठेवायला 10 लागतात. आता त्याच एसटी वायरीवर रिले लावला तर? रिलेच्या गुंडाळीचा रोध 85 ओहमच्या आसपास, दिव्याचा फार तर 48. म्हणजे 14 पैकी 9 व्होल्ट रिलेवर. ओढून बसलेला रिले 4-5 व्होल्टच्या खाली गेल्याशिवाय सोडत नाही. चावी परत आली तरी रिले धरून राहणार, सेल्फ इंजिनाबरोबर फिरत राहणार, आणि चावी काढून खिशात घातली तरी थांबणार नाही. इंजिन बंद केलं तरच सुटेल. सुटला तर.

म्हणून ती बारीक वायर आयजी ला, बाकी बारीक वायरीबरोबर. मग चावी ऑनला दिवा लागेल, इंजिन चालू झालं की विझेल. अल्टरनेटर खोलायची गरज नाही.

ओळखायला सोपं: बॅटरी काढलेली असताना दिव्याचा बल्ब होल्डरमधून काढा. त्या बारीक वायरीच्या टोकापासून होल्डरपर्यंत मीटरचा बीप आला म्हणजे तीच.

डिझेल_मिस्त्री

मान्य. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. रिलेची पोस्ट वाचणाऱ्यांनी वरची पोस्ट वाचल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

सीनाकाठ_मोहोळ

बल्ब काढून बघितलं, बारीक वायर दिव्याचीच निघाली. आयजी ला लावली. अॅमीटरचा एक नट हाताने फिरत होता, थिंबल काळं. तिथून स्विचपर्यंत 6 एमएमची वायर टाकली, अल्टरनेटरची वायर सेल्फच्या बोल्टावर नेली. स्विच आणि रिले बसवले. हीटरची वायर स्लीव्ह घालून बांधली.

आता दुपारी गरम असताना: सेल्फ मारताना सोलेनाइडवर 10.3, बॅटरीवर 10.6. पहिल्याच चावीला घेतो, चावी टचकन परत येते, सेल्फ लगेच सुटतो. दिवा ऑनला लागतो, चालू झाल्यावर विझतो.

एकच शंका. दिव्याचा बल्ब जुना आहे, होल्डरही गंजलाय. त्या जागी एलईडी लावली तर चालेल का?

मीटर_हातात

नुसती एलईडी नको. 3 वॅटचा बल्ब पाव अँपिअर देतो, त्यावरच अल्टरनेटर जागा होतो. एलईडी त्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी देते. मग इंजिन चालू झालं तरी चार्जिंग सुरू होत नाही, ॲक्सिलेटर जोरात दिला तर कधी होतं, कधी नाही. एलईडीच लावायची असेल तर तिच्या दोन टोकांना समांतर 68 ओहम 5 वॅटचा रेझिस्टर लावा. तो गरम होतो, वायरींना टेकू देऊ नका. त्यापेक्षा दहा-वीस रुपयांचा बल्ब आणि नवा होल्डर बरा.

दिव्याची वायर कधी बी ला लावू नका, चावी काढल्यावरही पाव अँपिअर जात राहतो. दिवसाला 6 अँपिअर-तास. पंधरवडाभर ट्रॅक्टर उभा राहिला की 88 ची बॅटरी मेली. आणि चावी काढल्यावर दिवा मंद पेटलेला दिसला तर मात्र अल्टरनेटरचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेला समजा, तेव्हा खोला.

वायरिंग_बार्शी

10.6 आणि 10.3, गळती फक्त 0.3. यापेक्षा चांगलं या वयाच्या ट्रॅक्टरला होत नाही.

चावीच्या भोकात ऑइल किंवा डिझेल सोडू नका. आपल्या काळ्या मातीची धूळ त्यात बसून आत लगदा होतो आणि चावी परत अडकते. कडक झाली तर शिसपेन्सिलीचं टोक तासून त्याची भुकटी टाका. भोक वर तोंड करून असेल तर रबरी टोपी लावा, वळवाचा पाऊस पहिला तिथेच शिरतो. आणि या जुन्या स्विचांची चावी बहुतेक सगळ्या ट्रॅक्टरांना सारखीच लागते, तेव्हा चावी काढून नेली म्हणजे ट्रॅक्टर सुरक्षित असं धरू नका. बॅटरीच्या मायनसला कटऑफ स्विच बसवा, चालू इंजिनावर मात्र तो कधी फिरवायचा नाही, अल्टरनेटरचे डायोड जातात.